लोहगडाचं लोहगाव होऊ नये म्हणून: वेपॉइंटची नावं लहान कशी करावीत

ग्लायडर उडवताना जीपीएसला ज्या ठिकाणांकडे वाट दाखवायची, ते बिंदू म्हणजे वेपॉइंट; त्यांची नावं, अक्षांश-रेखांश आणि उंची ज्या यादीत असतात ती कप (.cup) फाइल. मूळ कप फाइलीची प्रत काढा, काम प्रतीवरच करा. अक्षांश-रेखांशांचा बाऊ नको. कपमधलं १८४२.५००एन म्हणजे १८ अंश ४२.५ मिनिटं उत्तर; विनपायलट या ग्लायडिंगच्या प्रणालीच्या डॅट (.dat) फाइलीत तेच १८:४२.५००एन होतं. कुणी ते १८.४२५ अंश समजून भरलं तर बिंदू ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकतो, पण नकाशावर ती चूक लगेच दिसते.

नावातली चूक दिसत नाही. जुन्या जीपीएसला नाव सहा अक्षरांत लागतं. "पहिली सहा ठेवा, बाकीची उडवा" असं सांगणारा मावळावर कधी उडालेला नसावा. रोमन लिपीत लोहगड आणि लोहगाव, दोन्हींची पहिली सहा अक्षरं एल-ओ-एच-ए-जी-ए. माझ्या उपकरणानं दुसरा बिंदू पहिल्यावर मुकाट्यानं चढवला. कामशेतवरून लोहगडाकडे वळायचं, तर बाण पूर्वेला, थेट पुण्याच्या विमानतळाकडे! तिथलं आकाश हवाई दलाचं, आपल्या खेळाचं नव्हे.

मग मी स्वर गाळून पाहिले. कार्ला आणि कुर्ला दोन्ही केआरएल झाले. आपल्या नावांत स्वर गाळले की गावच बदलतं. तो उपाय इंग्रजांच्या गावांना ठेवा. राजगड आणि रायगड तर सहा अक्षरांत अख्खे बसतात, पण फरक फक्त जे आणि आयचा. ग्लायडर हिंदकळत असताना इवल्याशा पडद्यावर तो कोण वाचणार? अंतर मात्र सुमारे २५ किलोमीटर.

आता मी एकच पद्धत वापरतो: नावाची पहिली तीन अक्षरं आणि पुढे दहा-दहा मीटरमध्ये उंची. लोहगड १०३३ मीटर, म्हणून एलओएच१०३. लोहगाव ५९२, म्हणून एलओएच०५९. राजगड आरएजे१३८, रायगड आरएआय०८२. उंचीही समोर राहते, हा वरचा फायदा. मात्र उंचीच्या आकड्यापुढे एफटी (फूट) असेल तर आधी मीटर करा, नाहीतर लोहगाव लोहगडापेक्षा उंच होईल.

हे छोटं नाव कपच्या कोड रकान्यात भरा. पूर्ण नावाचा रकाना तसाच राहू द्या. पुढच्या वर्षी एलओएच म्हणजे काय, हे तुम्हालाही आठवणार नाही.

मग कोडनुसार क्रम लावा. दोन सारखे निघाले तर एकाचं तिसरं अक्षर हातानं बदला. उपकरणात भरल्यावर बिंदू मोजा. फाइलीत ६४ आणि उपकरणात ६३ दिसले, तर हरवलेला सापडेपर्यंत उडू नका.