मॅचला निघण्याआधी माउस असा लावा

रविवारी गेमिंग कॅफेत मॅच असेल तर माउसची मांडामांड आदल्या सोमवारीच सुरू करा. शनिवारी रात्री बदललेलं बटण रविवारी दगा देतं. नवी जागा डोक्याला माहीत असते, पण गडबडीत बोट जुन्याच जागेवर जातं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातली बहुतेक पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळत मोठी झाली आणि आता पीसीवर व्हॅलोरंट, सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) या नेमबाजीच्या गेमकडे वळतायत. मोबाइलच्या स्क्रीनवर फायरचं बटण कुठं आणि क्राउचचं (खाली वाकायचं) कुठं, यावर ती तासन्‌तास घालवतात, मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवून बघतात. माउस मात्र खोक्यातून निघाला तसाच वापरतात. खाली लिहिलंय ते सगळं मी स्वतः करतो, आणि याच क्रमाने.

आधी हात मोजा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी धरा. माझा हात १८ सेंटीमीटर भरतो. लॉजिटेकचा जी १०२ लांबीला साडेअकरा सेंटीमीटरच्या थोडा वर आणि वजनाला ८५ ग्रॅम आहे. बोटं वाकवून पंजासारखी पकड घेतली की माझ्या हातात तो चपखल बसतो. तुमचा हात २० च्या आसपास असेल आणि तळवा पूर्ण टेकवून खेळायची सवय असेल, तर रेझर डेथअ‍ॅडरसारखा पावणेतेरा सेंटीमीटरचा माउस सोयीचा पडेल. नवी पेठेत घ्यायला गेलात तर खोका उघडून हातात धरून बघा. पकड जराही न सोडता अंगठा दोन्ही साइड बटणांवर पोचतो का, एवढीच परीक्षा घ्या. माउस उजव्या हातासाठी घडवलेला असेल तर डावखुऱ्यांच्या हातात साइड बटणं चुकीच्या बाजूला येतात. त्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा आकार आणि दोन्ही बाजूंना बटणं असलेलाच शोधावा.

मग साफसफाई. आमच्या घराच्या खालीच यंत्रमाग आहेत, त्यामुळे सुताची बारीक धूळ घरभर उडत असते. मागच्या उन्हाळ्यात माझा क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनवरची निशाण्याची खूण, एका जागी थरथरायला लागला. मी ड्रायव्हर पुन्हा टाकला, पोर्ट बदलला, काही उपयोग होईना. शेवटी माउस उलटा करून मोबाइलचा टॉर्च मारला, तर सेन्सरच्या भोकात पापणीच्या केसाएवढा एक पांढरा धागा आडवा अडकला होता. चित्रकलेच्या कोरड्या बारीक ब्रशने तो ओढून काढला आणि थरथर तिथंच थांबली. तेव्हापासून मॅचच्या आठवड्यात माउस उलटा करून बघायचा, हे काम यादीत कायमचं आहे. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत बसतात. तळाच्या टेफ्लॉनच्या पट्ट्यांच्या कडेला मळाची काळी रेघ साचते, ती दातकोरणीने खरवडून काढा. माउस किती हलका सरकायला लागतो ते लगेच जाणवेल. एक क्लिक केल्यावर दोन क्लिक होत असतील तर ते आतल्या स्विचचं दुखणं आहे, सेटिंग बदलून जाणार नाही. वॉरंटी असेल तर आत्ताच बदलून घ्या.

आता कॉम्प्युटरकडे वळा. माउसची वायर पीसीच्या मागच्या यूएसबी पोर्टात लावा, हबमध्ये नको. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढून टाका. ती चालू असली की हात जितका जोरात फिरवाल तितका पॉइंटर जास्त पळतो, म्हणजे तेच अंतर दोनदा सरकवलं तरी निशाणा दोन वेगळ्या जागी जातो. अशाने हाताला अंतराची ओळख कधीच होत नाही. व्हॅलोरंट आणि सीएस २ माउसची हालचाल थेट वाचतात, त्यांना या खुणेने फरक पडत नाही. पण जुन्या गेममध्ये पडतो, तेव्हा बंदच ठेवा. पोलिंग रेट १००० हर्ट्झ ठेवा. १२५ वर माउस दर ८ मिलिसेकंदांनी खबर देतो, १००० वर दर एका मिलिसेकंदाला. त्याच्या वरच्या आकड्यांमागे जुन्या प्रोसेसरवाल्यांनी लागू नये.

डीपीआयवरून पोरं उगाच भांडतात. खोक्यावर ८००० लिहिलेलं असतं म्हणून ८००० वर खेळायचं नसतं. ८०० डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो ८०० मोजण्या पाठवतो, बस. त्याला गेममधल्या सेन्सने (सेन्सिटिव्हिटीच्या आकड्याने) गुणलं की ईडीपीआय मिळतो आणि तुलना त्याचीच करायची असते. माझं ८०० आणि व्हॅलोरंटमध्ये ०.३५, म्हणजे २८०. नावाजलेले खेळाडू साधारण २०० ते ४०० च्या दरम्यान दिसतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. सीएस २ मधून येत असाल तर तिथल्या सेन्सला ३.१८ ने भागा. वळण तितकंच राहील.

हा आकडा कागदावर न ठेवता पॅडवर मोजून बघा, कारण हाताला सेंटीमीटर कळतात, ईडीपीआय कळत नाही. प्रॅक्टिस रेंजमध्ये भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर क्रॉसहेअर ठेवा, शिंप्याची टेप पॅडच्या कडेला लावा आणि माउस उजवीकडे ओढत राहा. पूर्ण गिरकी घेऊन क्रॉसहेअर त्याच खुणेवर आला की अंतर वाचा. माझं ४७ सेंटीमीटरच्या किंचित आत येतं. म्हणजे मागे वळायला साडेतेवीस लागतात आणि पॅडच्या मध्यापासून तेवढी जागा उजवी-डावीकडे हवी. टेबलावर कीबोर्ड आडवा ठेवल्यामुळे जागा उरत नसेल तर कीबोर्ड तिरका करा, सेन्स वाढवू नका.

चाकाच्या मागचं छोटं डीपीआय बटण आजच बंद करा किंवा त्याच्या सगळ्या पायऱ्या काढून फक्त ८०० ठेवा. एका कॅफेतल्या सामन्यात माझं बोट चाकावरून निसटून त्या बटणावर पडलं आणि ८०० चे १६०० झाले. पुढचे दोन राउंड माझा प्रत्येक फ्लिक (निशाण्याचा झटका) शत्रूच्या पलीकडे जात होता आणि काय बिघडलंय तेच मला कळत नव्हतं. तिसऱ्या राउंडला टीममधला पोरगा म्हणाला, “अण्णा, तुमचा क्रॉसहेअर एवढा का पळतोय?” तेव्हा उलगडा झाला. ते दोन राउंड अजूनही मनातून जात नाहीत.

बटणांचं काम सगळ्यात निगुतीने करायचं, इथं घाई नको. कुठल्याही बटणाला काम देताना एकच प्रश्न विचारा: हे दाबायला कुठलं बोट कुठलं काम सोडणार? डाव्या हाताची तीन बोटं ए, डब्ल्यू आणि डी वर, करंगळी शिफ्टवर, अंगठा स्पेसवर. चाकू काढायला ३ दाबायचा तर मधलं बोट डब्ल्यू सोडतं आणि पळता पळता पाय थांबतात. म्हणून चाकू मी मागच्या साइड बटणावर घेतलाय. हातात चाकू असताना निशाणा धरायचा नसतो, तेव्हा अंगठ्याच्या धक्क्याने क्रॉसहेअर जरा हलला तरी चालतं.

हा धक्का नीट समजून घ्या. प्रॅक्टिस रेंजमध्ये दूरच्या एका ठिपक्यावर क्रॉसहेअर स्थिर धरा आणि साइड बटण दाबा. क्रॉसहेअर हलकेच उजवीकडे सरकेल, कारण अंगठा बटणाबरोबर सगळा माउसच ढकलतो. म्हणून ऐन गोळीबारात लागणारी गोष्ट साइड बटणावर ठेवायची नाही. टीमशी बोलायचं बटण पुष्कळ जण तिथं ठेवतात. मला ते पटत नाही. बोलताना ते दाबून धरावं लागतं, दाबून धरलं की नकळत पकड आवळते आणि आवळलेल्या हाताने बारीक निशाणा लागत नाही. ते व्ही वरच राहू द्या, डावा अंगठा स्पेसवरून तिथं सहज पोचतो. पुढच्या साइड बटणावर पिंग ठेवा. शत्रू कुठं दिसला ते दाखवणं ही क्षणाची टिचकी असते आणि ती बहुतेक वेळा आडोशामागूनच मारायची असते.

क्यू आणि ई चंही गणित मांडून बघा. क्यू दाबायला ए वरचं बोट जातं, म्हणजे त्या क्षणी डावीकडे सरकता येत नाही. ई ला डी वरचं जातं, तर उजवीकडे नाही. तुमच्या एजंटची (व्हॅलोरंटमधल्या तुमच्या पात्राची) जी ताकद ऐन चकमकीत लागते, ती दाबताना तुम्हाला बहुधा कुठल्या बाजूला सटकायचं असतं ते आठवा आणि त्याप्रमाणे अदलाबदल करा. स्पाइक (व्हॅलोरंटमधला बॉम्ब) लावायचं आणि निकामी करायचं बटण आहे तिथंच असू दे. तेव्हा तुम्ही जागचे हलतच नसता, बोट मोकळंच असतं. स्क्रोलला बंदूक बदलण्याचं काम दिलेलं असेल तर ते काढा, बोट लागून बंदूक खाली जाते. खाली स्क्रोल केलं की उडी, ही सोय सीएस वाल्यांच्या हातात बसलेली असते. ठेवायची तर ठेवा, पण स्पेसवरची उडी काढू नका.

एका वेळी एकच बटण बदला. दोन दिवस त्यावर खेळा, मगच दुसरं. मी शंभर पानी वहीत तारीख, जुनी जागा आणि नवी जागा लिहून ठेवतो. खाली मागावर कुठल्या दिवशी काय बदललं त्याची वडिलांची वही असते, तीच सवय मला लागली.

मॅक्रोपासून लांब राहा. एका बटणाला दुसऱ्या एका बटणाचं काम देणं वेगळं आणि एका दाबात चार क्रिया करून घेणं किंवा बंदुकीचा झटका आपोआप खाली ओढणं वेगळं. ऑगस्ट २०२४ मध्ये सीएस बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने एका दाबात अनेक हालचाली करणाऱ्या अशा सोयी सीएस २ च्या अधिकृत सर्व्हरवर बंद केल्या आणि त्या वापरणाऱ्याला मॅचमधून बाहेर काढायला सुरुवात केली. व्हॅलोरंटमध्ये व्हॅनगार्ड या फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची नजर असते. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये कधीकाळी गंमत म्हणून केलेलं मॅक्रो पडून असेल तर तेही पुसा.

पॅडला सपाट कापड हवं. सोलापुरी चादर चौपदरी घालून तिच्यावर खेळणारे मी पाहिलेत. चादरीची नक्षी उठावदार असते, सेन्सर आणि कापड यांच्यातलं अंतर तिथं वर-खाली होतं आणि निशाणा मध्येच अडखळतो. पॅड स्वस्तातला चालेल, पण सपाट असावा. नळाला रोज पाणी नसतं, म्हणून मी तो पाण्याच्या दिवशीच साध्या साबणाने धुतो आणि सावलीत सुकवतो. इथल्या उन्हात खालचं रबर वाकडं होतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की तळव्याच्या घामाने माउस सटकतो. त्याला सोलापुरी टॉवेलच्या कापडाचा नॅपकिन मांडीवर ठेवणं हा उत्तम उपाय. राउंड संपला की हात पुसायचा.

शनिवारी रात्री सेटिंग माउसच्या ऑनबोर्ड मेमरीत साठवा. कॅफेच्या पीसीवर सॉफ्टवेअर टाकू देतीलच असं नाही आणि माउसच्या सॉफ्टवेअरमधून बदललेली बटणं नाहीतर घरीच राहतील. मग पिशवी भरा: माउस, गुंडाळलेला पॅड, नॅपकिन, डीपीआय-सेन्स-बटणांची चिठ्ठी, शिंप्याची टेप आणि एक बाइंडर क्लिप. क्लिप मॉनिटरच्या स्टँडला लावून तिच्या कड्यातून वायर वर घ्यायची, म्हणजे ती पॅडवर घासत नाही.

कॅफेत अर्धा तास आधी पोचा. बसल्यावर पहिल्यांदा खुर्चीची उंची बघा, कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे. मग चिठ्ठी काढून आकडे ताडा, रेंजमध्ये जा, भिंतीवरची खूण धरून एक पूर्ण गिरकी घ्या आणि टेप बघा. ती ४७ च्या आसपास आली की हेडफोन चढवा.