मोरे हाउसचे जुने विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून माझे पहिले वर्ष

पहिल्या ‘क्रिट’च्या दिवशी माझा अपूर्णांकांचा पाठ वीस मिनिटांत संपला आणि उरलेला तास मी तीच उदाहरणे पुन्हा सोडवून काढला. क्रिट म्हणजे महाविद्यालयातील मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून ज्याचे निरीक्षण करतात तो पाठ, आपल्याकडे बी.एड. केलेल्यांना त्याची धास्ती सांगायला नको. टाचण मी रात्र जागून लिहिले होते, फळ्यावर एकही चूक नव्हती आणि वर्ग अगदी शांत होता. तास संपल्यावर बाईंनी आपली वही माझ्यापुढे सरकवली. तीत त्यांनी वर्गाचा नकाशा काढला होता: प्रत्येक मुलासाठी एक चौकोन, आणि जे मूल बोलले त्याच्या चौकोनात एक खूण. सत्तावीसपैकी तीनच चौकोनांत खुणा होत्या.

मी स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या मोरे हाउस या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत एक वर्षाची पी.जी.डी.ई. ही शिक्षक होण्यासाठीची पदव्युत्तर पदविका घेत होते. छत्तीस आठवड्यांच्या या अभ्यासक्रमाचा निम्मा काळ प्रत्यक्ष शाळेत जातो. एडिंबरोतील कॅननगेट या रस्त्यावरील जुन्या हवेलीचे नाव मिरवणारी ही संस्था १९९८ पासून एडिंबरो विद्यापीठाचा भाग आहे. त्या हवेलीत शिक्षक घडू लागले ते १८४८ मध्ये. स्कॉटिश चर्च १८४३ मध्ये दुभंगले तेव्हा नव्या फ्री चर्चला स्वतःचे शिक्षक हवे होते, त्यातून हे घडले. मुंबईत शाळा चालवणारे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीही त्या वेळी फ्री चर्चचीच वाट धरली होती, हे वाचल्यावर ती वास्तू मला परकी वाटेनाशी झाली.

त्या क्रिटनंतर, ‘आपल्याला हे जमणार का’ या विचाराने अस्वस्थ होऊन, मी येथील जुन्या विद्यार्थ्यांची चरित्रे वाचायला घेतली. नव्याने येणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच, की प्रवेशाच्या अटी वाचण्याआधी येथून बाहेर पडलेले लोक पुढे कोठे गेले आणि तेथे किती वर्षे राहिले, ते पाहावे. महाविद्यालय एक वर्ष देते. शिक्षक घडतो तो त्यानंतरच्या गावात.

सोर्ली मॅक्लेन यांचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. रासे बेटावर १९११ मध्ये जन्मलेला, गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा मातृभाषा असलेला हा मुलगा एडिंबरो विद्यापीठातून इंग्रजीची पदवी आणि मोरे हाउसचे प्रशिक्षण घेऊन १९३४ मध्ये स्काय बेटावरील पोर्ट्री येथे शिक्षक झाला. जग त्यांना थोर गेलिक कवी म्हणून ओळखते, परंतु त्यांचे आयुष्य गेले ते वर्गात. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमधील एल अलामेनच्या लढाईत जबर जखमी होऊन परतल्यावर त्यांनी एडिंबरोत पुन्हा खडू हातात घेतला आणि १९५६ पासून १९७२ पर्यंत ते प्लॉक्टन या किनाऱ्यावरील छोट्या गावाच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. गेलिकची हायर, म्हणजे शाळेच्या शेवटच्या टप्प्यावरची परीक्षा, तेव्हा घरी गेलिक बोलणाऱ्या मुलांसाठीच आखलेली होती. ती भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा असावी, म्हणून त्यांनी नेटाने पाठपुरावा केला आणि तशी परीक्षा सुरू झाली. मराठी शाळांचे काय होणार, अशी चिंता करणाऱ्या प्रत्येकाने हे काम समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

कवी नॉर्मन मॅकेग हेही मोरे हाउसचेच. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास सोसला, आणि त्यानंतर अनेक वर्षे बढती न मिळताही ते एडिंबरोत प्राथमिक शिक्षक राहिले. शेकडो स्त्रियांची तर चरित्रेही लिहिली गेली नाहीत. स्कॉटलंडमध्ये १९४५ पर्यंत लग्न झाले की शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे; त्यामुळे प्रशिक्षण घेऊन तीन-चार वर्षांतच वर्ग सोडलेल्या त्या बायकांचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता व्यवहाराचे. येथील सरकारी शाळेत शिकवायचे तर १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘जनरल टीचिंग कौन्सिल फॉर स्कॉटलंड’कडे नोंदणी सक्तीची आहे. पदविकेनंतर, २००२ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार, एक वर्षाची पगारी प्रोबेशनची नोकरी निश्चित मिळते. त्यासाठी स्कॉटलंडमधील शाळा चालवणाऱ्या बत्तीस स्थानिक कौन्सिलांपैकी पाच पसंतीक्रमाने लिहून द्यायच्या असतात. मात्र परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क भरून शिकणाऱ्याला ही हमी नाही. भारतातून थेट येणाऱ्यांनी कर्ज काढण्यापूर्वी ही गोष्ट नीट तपासावी, कारण अनेकांना ती फार उशिरा कळते. मी येथे बरीच वर्षे स्थायिक असल्यामुळे माझे शुल्क स्थानिक दराने आकारले गेले, म्हणून मला हा लाभ मिळाला. महाराष्ट्रातील विद्यापीठांची वर्षवार गुणपत्रके मात्र आधीच मागवून ठेवावीत. माझे दोन महिने त्यातच गेले.

बहुतेक जण पसंतीत एडिंबरो आणि ग्लासगो लिहितात. मॅक्लेन यांच्यामुळे मी पहिले नाव उत्तरेकडील डोंगराळ हायलंडचे लिहिले आणि अकरा मुलांच्या एका वर्गात जाऊन पोहोचले. तेथे एकदा मी विचारले, की तुमच्या घरची वडीलधारी माणसे कशी मोजतात. एक मुलगी म्हणाली, ‘मिस, आजोबा गेलिकमध्ये चाळीसला दोन वीस म्हणतात.’ माझी आजी आंबे असेच ‘दोन विसा’ म्हणून मोजत असे. ते मी फळ्यावर देवनागरीत लिहिले, आणि मग साठ म्हणजे किती विसा, पन्नासचे काय करायचे, यावर मुले एकमेकांशी वाद घालू लागली. टाचणात यातले काहीही नव्हते. ते टाचण मी पुढच्या तासासाठी ठेवून दिले.

प्रोबेशनरला आठवड्याला साडेबावीसऐवजी साडेअठरा तासच शिकवावे लागते. उरलेला वेळ इतरांचे वर्ग पाहण्यासाठी असतो, तो कागदपत्रांत घालवू नये. वर्ष संपल्यावर पूर्ण नोंदणी मिळते, परंतु नोकरीची हमी तेथेच संपते. मला पुढचे आठ महिने सप्लाय, म्हणजे बदली शिक्षिका म्हणून, चार शाळांत काम करावे लागले. त्या काळात पगार अनियमित असतो, म्हणून प्रोबेशनच्या वर्षातच तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवावा.