समांतर बलांचे संतुलन पडताळताना

साहित्य थोडेच लागते: मीटरपट्टी, 500 ग्रॅमपर्यंतचे दोन तानकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे), क्लॅम्प असलेले दोन स्टँड, खाचेची वजने, ती अडकवायचा हँगर आणि बारीक पण मजबूत दोरा. पडताळायच्या गोष्टी दोन. वर ओढणाऱ्या बलांची बेरीज खाली ओढणाऱ्या बलांच्या बेरजेएवढी हवी. आणि कोणताही बिंदू धरला तरी त्याभोवतीची घड्याळाच्या दिशेची आघूर्णे उलट दिशेच्या आघूर्णांएवढी भरायला हवीत. आघूर्ण म्हणजे बल गुणिले त्या बिंदूपासूनचे लंब अंतर.

आधी पट्टीचे वजन करा. मग ती धारेवर तोलून गुरुत्वमध्य, म्हणजे पट्टीचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, कुठे येतो ते पाहा. तो 50 सेंमीवरच असेल असे धरून चालू नका, टोके झिजलेली पट्टी 49.7 लाही तोलते. तानकाटे रिकामे, उभे टांगून शून्य तपासा. टेबलावर आडवे ठेवून तपासणे चूक, कारण तेव्हा हुकाचे वजन स्प्रिंगवर येत नाही. रिकाम्या काट्याने 10 ग्रॅम दाखवले तर प्रत्येक वाचनातून 10 वजा करा. नंतर माहीत असलेले 200 ग्रॅम लावून पाहा, म्हणजे मापन ठीक आहे का तेही कळेल.

आता दोऱ्याचे फास करून पट्टी 10 आणि 90 सेंमीवर तानकाट्यांना टांगा. 30 सेंमीवर 200 ग्रॅम आणि 70 सेंमीवर 300 ग्रॅम लावा. यात हँगरचे वजन धरलेले असावे, ते बरेचदा विसरले जाते. भार असमान असल्याने स्प्रिंगा कमीजास्त ताणतात आणि पट्टी कलते. दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची मोजून क्लॅम्प वरखाली करा. खरे तर थोड्या कलण्याने आघूर्णांचा हिशेब फारसा बिघडत नाही, कारण सगळी लंब अंतरे एकाच प्रमाणात घटतात. खरी अडचण वेगळी: कलत्या पट्टीवर फास घसरतात आणि दोरे तिरके होतात. दोरा उभ्या रेषेपासून 15 अंश तिरका झाला तर त्यातील ताणाचा उभा भाग 3.4 टक्के कमी पडतो आणि काटा मात्र पूर्ण ताण दाखवतो. म्हणून दोरे उभे आहेत का, हे समोरून आणि बाजूनेही पाहा.

काट्याला हलकी टिचकी मारून, वाचन दाखवणाऱ्या खुणेच्या पातळीत डोळा ठेवून वाचन घ्या. दोऱ्यांच्या जागाही पुन्हा वाचा.

समजा पट्टी 120 ग्रॅमची, गुरुत्वमध्य 50.0 सेंमीवर आणि वाचने डावीकडे 285 व उजवीकडे 350 आली. वरची बेरीज 635, खालची 200 + 300 + 120 = 620. (पट्टीचे 120 विसरले तर 500 च येतात, फरक पट्टीच्या वजनाएवढा दिसला की आधी तिथेच पाहा.) इथे 15 ग्रॅम कुठून आले?

90 सेंमीच्या बिंदूभोवती आघूर्णे घ्या. एका बाजूला 285 × 80 = 22800. दुसऱ्या बाजूला 200 × 60 + 300 × 20 + 120 × 40, तेही 22800. जुळले. आता 10 सेंमीभोवती: 350 × 80 = 28000, पण वजनांचे 200 × 20 + 300 × 60 + 120 × 40 = 26800. फरक 1200, म्हणजे 80 सेंमी अंतरावर 15 ग्रॅम. ज्या बिंदूवर एखादे बल लागते, तिथे त्याचे आघूर्ण शून्य असते, म्हणून त्या बलातली चूक त्या हिशेबात दिसतच नाही. उजव्या काट्याच्या बिंदूभोवती हिशेब जुळतो आणि डाव्याच्या भोवती जुळत नाही, म्हणजे दोष उजव्या काट्यात. त्याचे वाचन 335 हवे होते. म्हणूनच आघूर्णे एकाच बिंदूभोवती काढून थांबू नये. गुरुत्वमध्य तर एकटा कधीच निवडू नका. तिथे पट्टीचे वजनच हिशेबातून निघून जाते.

ग्रॅममध्येच मोजलेत तरी चालते, ज्याने गुणून ग्रॅमचे बल होते ते गुरुत्व त्वरण दोन्ही बाजूंनी कटते. फक्त काटा न्यूटनचा आणि वजने ग्रॅमची अशी सरमिसळ नको. 100 ग्रॅमचा भार म्हणजे 0.98 न्यूटन.

पुढच्या वाचनासाठी 300 ग्रॅम 75 सेंमीवर सरकवा. उजवे वाचन 300 × 5 ÷ 80, म्हणजे सुमारे 19 ग्रॅमने वाढेल आणि डावे तेवढेच घटेल. हा आकडा वाचनाआधीच वहीत लिहून ठेवा.