माक्याचं तेल: ओळखीपासून पाकापर्यंत

केसांच्या तेलासाठी माक्याच्या (भृंगराजाच्या) नावाखाली लोक सर्रास एकदांडी उपटून आणतात. एकदांडीचं फूल लांब दांड्यावर एकटंच उभं असतं आणि मधे पिवळं असतं. माक्याची फुलं पांढरी, इवलीशी, पानाच्या बगलेत येतात. पानं समोरासमोर, जवळपास बिनदेठाची, हाताला खरखरीत. तरी शंका वाटली तर कोवळं खोड बोटांत चुरडून जरा थांबा. रस काळपट होत जातो, बोटंही काळी पडतात. या परीक्षेशिवाय मी एक काडीही कढईत टाकत नाही.

ओलसर जागी माका आपसूक उगवतो, पण गटाराकाठचा नको. त्यापेक्षा कुंडीत लावा. फांदी मातीला टेकली की पेरापाशी मुळं फुटतात.

फुलोऱ्यावर आलेलं झाड मुळासकट घ्या, माती धुवा, पाणी पूर्ण निथळू द्या. वाटून फडक्यातून पिळा. प्रमाण जुनंच: तिळाचं तेल 1 वाटी, रस 4 वाट्या, वाटलेला पाला म्हणजे कल्क पाव वाटी. चार वाट्या रसाला भाराभर पाला लागतो. तेवढा नसेल तर तेल कमी घ्या, रस पाण्याने वाढवू नका.

खोलगट लोखंडी कढई, मंद आच. रस आटत आला की कल्क तळाला धरायला लागतो. आता उलथनं हातातून सोडायचं नाही. थोडा कल्क बोटांत वळून बघा. त्याची वात झाली आणि ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी संपलं. याच सुमारास तेलावर फेस येतो (तुपाचं उलट, तिथे फेस बसतो). कल्क करपायच्या आत उतरवा, कोमट असताना गाळा, कोरड्या बाटलीत भरा. पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होतं.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा, मग रात्री केसांच्या मुळांशी जिरवा. टाळूचा कोरडेपणा कमी होतो. पिकलेले केस काळे होतात म्हणणाऱ्यांचं मात्र मी कधी मनावर घेतलं नाही.

पूर्वापार माक्याचा रस काविळीवर पाजतात. मी कुणाला देत नाही. कावीळ विषाणूने होते तशी पित्ताच्या खड्यानेही होते, आणि यातली कोणती ते डोळे बघून कळत नाही. आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासा.