सकाळच्या शाळेसाठी एका जाड स्वेटरऐवजी पातळ थर

नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, पण दुपारी ऊन चटकतं. एकच जाड स्वेटर घातलेलं मूल सकाळी स्कूटरवर कुडकुडतं आणि मधल्या सुट्टीत घामाघूम होतं.

१. आत सुती बनियन, चड्डीत नीट खोचलेला. कंबरेतून शिरणारी हवा इथेच अडते.

२. त्यावर पूर्ण बाह्यांचं पातळ थर्मल, मग गणवेशाचा शर्ट. थर्मल अंगाबरोबर हवं. 'पुढच्या वर्षीही येईल' म्हणून मोठं घेतलं की आत गार हवा खेळते.

३. वर शाळेचा स्वेटर, पुढे चेन किंवा बटणं असलेला. वर्गात मुलाला तो स्वतःचा स्वतः काढता येतो.

४. स्कूटरवर स्वेटरच्या वरून विंडचिटर. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे हा पातळ कपडाच खरं काम करतो. शाळेत पोचल्यावर घडी करून दप्तरात.

५. मोज्यांचा एकच जोड. दोन जोड कोंबले की बूट आवळतो आणि पाय उलट गार पडतात.

सगळे कपडे रात्री मुलाच्या गोधडीखाली घडी करून ठेवा, म्हणजे सकाळी कोमट मिळतात आणि रडारड टळते. ऊब पुरेशी आहे का, हे हातांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. मानेला मागून हात लावा: ओलसर लागली तर एक थर कमी करा.

दुचाकीवर मफलर मात्र नको, त्याचं टोक चाकात अडकू शकतं. हनुवटीखाली बंद होणारी कानटोपी घाला.