हायड्रॉप्सच्या प्रयोगात या चुका टाळा

गिनीपिगची एंडोलिंफॅटिक सॅक (आतल्या कानाला जोडलेली छोटी पिशवी) बंद केली की आतल्या कानात एंडोलिंफ नावाचा द्रव साचतो, म्हणजेच हायड्रॉप्स होतो, हे किमुरा आणि शुकनेख्त या संशोधकांनी 1965 मध्येच दाखवलंय. मॉडेल इतकं जुनं, तरी चुका त्याच त्याच.

सगळ्यात जास्त त्रास देते ती तापमानाची चूक. भूल दिली की प्राणी भराभर गार पडतो आणि गार पडला की एबीआरच्या (आवाज ऐकवल्यावर कानाच्या नसेतून आणि मेंदूतून येणाऱ्या विद्युत संकेतांच्या) वेव्ह उशिरा येतात, कान एकदम ठणठणीत असला तरी. आमच्याकडे एका मुलाने रेकॉर्डिंगमध्ये 50 हर्ट्झची गुणगुण येते म्हणून हीटिंग पॅडच बंद करून टाकला, वर क्रम ठरलेला, आधी चांगला कान मग ऑपरेशनचा. साहजिकच ऑपरेशनच्या कानाची लेटन्सी (वेव्ह यायला लागणारा वेळ) दर वेळी वाढलेली, पोरगं खूश, पोस्टरसुद्धा तयार. मला शंका आली म्हणून ऑपरेशन न केलेल्या गिनीपिगवर तोच क्रम लावला, तर दुसऱ्या कानात तेवढाच उशीर! सगळा डेटा गेला. डेटा परत घेता येतो हो, पण जे प्राणी वापरले ते उगाच गेले, ते मला अजून लागतं.

मी रेक्टल प्रोब (गुदद्वारातून तापमान मोजणारा) लावून 38 अंश दिसल्याशिवाय चाचणीच्या आवाजाचा पहिला क्लिक देत नाही. पॅड गरम पाण्याचा घ्या, गुणगुण येत नाही. आणि कोणता कान आधी, हे प्रत्येक प्राण्यात बदला. वेळ जातो, जाऊ दे.

उंदीर वापरणार असाल तर सी-57 ब्लॅक-6 जातीचे घेताना वय बघा. त्यांच्यात सीडीएच-23 जीनचा दोष जन्मतःच असतो, वरच्या फ्रीक्वेन्सी ऐकू येणं काही महिन्यांतच जायला लागतं, मग लोक ते हायड्रॉप्सच्या नावावर खपवतात. तुलनेला त्याच वयाचे, ऑपरेशन न केलेले उंदीर हवेतच.

शॅम ऑपरेशनमध्ये (तुलनेसाठीचं खोटं ऑपरेशन, सॅक बंद न करता) ड्रिल तेवढाच वेळ चालवा, ड्रिलच्या आवाजानेही ऐकू कमी येतं.

सेक्शनमध्ये (कानाच्या पातळ कापात) राइसनर मेंब्रेन, म्हणजे एंडोलिंफच्या कप्प्याचा पातळ पडदा, फुगलेली दिसली की लगेच उड्या मारू नका, घाईत फिक्स केलेल्या (रसायनाने टिकवलेल्या) कानात ती ओढली जाते, फाटतेसुद्धा. स्लाइड कोणत्या कानाची हे माहीत नसलेल्या माणसाकडून मोजून घ्या.

आणि ओटोस्कोपने कानात बघा आधी. पडद्यामागे पाणी असेल तर तो प्राणी त्या दिवशी घेऊच नका.