नदीकाठच्या पक्ष्यांसाठी परवडणारी टेलिफोटो झूम लेन्स: घेण्याआधीची तयारी

लेन्स घ्यायचं ठरलं की आधी दुकानात जाऊ नका, नदीवर जा. हरिपूरला वारणा जिथं कृष्णेला मिळते त्या संगमावर सकाळी सकाळी जाऊन बसा. कॅमेरा घरीच ठेवा, वही आणि पेन न्या. ज्यांचे फोटो तुम्हाला मनापासून हवेत ते पक्षी तुमच्यापासून किती लांब बसतात, एवढंच त्या दिवशी लिहून आणायचं. पाण्यावरचं अंतर पावलांनी मोजता येत नाही हे खरं, पण तेवढंच अंतर काठावर नजरेनं धरून चालता येतं. माझी चौदा पावलं म्हणजे दहा मीटर होतात. तुमची किती होतात ते एकदा अंगणात टेप लावून बघून घ्या. दोन-तीन सकाळी गेल्या की वहीत वीस-पंचवीस नोंदी होतात आणि लेन्सचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

एवढ्या आग्रहानं सांगते, कारण दर दिवाळीच्या तोंडावर ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "ताई, अडीचशे घेऊ की तीनशे? का थांबून सहाशेच घेऊ?" (हे आकडे लेन्सच्या मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं.) मी विचारते, "उभा कुठं राहणार आहेस?" त्याचं उत्तर तयार नसतं. पैसे मात्र महिनोन्‌महिने साठवलेले असतात, म्हणून मला काळजी वाटते.

वहीतल्या नोंदींचा हिशोब असा करायचा. कॅननच्या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 250 मिमीची लेन्स असेल तर अंतराला अकराने भागा. जेवढे मीटर येतील तेवढ्या रुंदीचं दृश्य फोटोत मावतं. निकॉनच्या क्रॉप बॉडीवर 300 मिमी असेल तर साधारण तेराने भागा. आता उदाहरण घ्या. दहा मीटरवर फांदीवर खंड्या बसलाय. दहा भागिले अकरा, म्हणजे नव्वद सेंटिमीटर. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत अठ्ठावीस सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे फोटोच्या रुंदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तो भरतो. उत्तम फोटो. तीस मीटरवर राखी बगळा उभा असेल तर चौकट पावणेतीन मीटर रुंद आणि पावणेदोन-एक मीटर उंच होते. बगळ्याची उंची मीटरभर, म्हणजे तोही निम्म्याहून जास्त उंची व्यापतो. भिलवडीकडं थंडीत मळीवर ऊन खात पडलेली अडीच मीटरची मगर साठ मीटरवरून अर्धी चौकट भरते. (मगरीच्या बाबतीत अंतर कमी करायचा विचारसुद्धा नको. उंच काठावरच थांबायचं, पाण्याच्या कडेला उतरायचं नाही.) आणि दीडशे मीटरवरच्या वाळूच्या पट्ट्यावर बसलेला थवा? तेरा-चौदा मीटरचं दृश्य, त्यात पक्षी जोंधळ्याच्या दाण्याएवढे. तिथं 300 घेतली तरी फार फरक पडत नाही आणि सहाशेची लेन्स म्हणजे दोन किलोच्या आसपासचं वजन, शिवाय बहुतेकांच्या कॅमेऱ्याहून जास्त किंमत.

माझ्या वहीत बहुतेक नोंदी दहा ते चाळीस मीटरच्या निघाल्या, पण त्या पहिल्या दिवशी निघाल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी सगळं साठ-सत्तरच्या पुढं होतं. तिथं मासे धरायला येणारे एक मामा माझी येरझार बघत होते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही हालताय म्हनून त्ये हालतंय. बसा की वाईच." घाटाच्या पायरीवर पाऊण तास न हलता बसले. ढोकरी आपणहून चालत बारा पावलांवर आली, मान आखडून उभी राहिली आणि माझ्या देखत तिनं एक मासळी उचलली. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की नदीकाठच्या पक्ष्यांना 250 किंवा 300 मिमी पुरते, बसायची तयारी हवी. तुमच्या वहीत मात्र बहुतेक नोंदी शंभर मीटरच्या निघाल्या, आणि जागा बदलणं शक्य नसेल, तर स्वस्तातली 300 घेऊन पैसे अडकवू नका. थांबा, साठवा, मोठीच घ्या.

दुसरी नोंद स्वतःच्या कॅमेऱ्याची. अंगावर लिहिलेला मॉडेल नंबर वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या, कारण "निकॉनची आहे, निकॉनला बसणारच" या समजुतीत पैसे जातात. माझे गेलेत. माझ्याकडं डी3100 होता. वापरलेली एक जुनी 70-300 स्वस्तात मिळाली, विकणाऱ्यानं ती छान चालते असं सांगितलं, कॅमेऱ्यावर खटकन बसलीही. घरी आल्यावर कळलं की फोकस आपोआप होतच नाही. त्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नव्हती. ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालणारी जात होती, आणि डी3000, डी5000 या मालिकांच्या कॅमेऱ्यांत ती मोटर नसते. डी90 किंवा डी7000 वर तीच लेन्स व्यवस्थित चालली असती. उडणाऱ्या नदी सुरयावर हातानं फोकस करता करता तो हंगाम संपला.

म्हणून निकॉनवाल्यांनी लेन्सच्या नावातली अक्षरं वाचायची. एएफ-एस असेल तर मोटर आत आहे. एएफ-पी असेल तर मोटर आहे, पण ती नव्या पद्धतीची. डी3400, डी3500, डी5600 वर झकास चालते आणि डी3100, डी3200, डी5100, डी90, डी7000 अशा जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाही. कॅननवाल्यांना हा त्रास नाही, ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही क्रॉप बॉडीवर चालतात. मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर माउंटच, म्हणजे लेन्स अडकवायची कडीच, वेगळी. जुनी लेन्स अडॅप्टरनं लावता येते, पण अडॅप्टरची किंमत लेन्सच्या किमतीत धरूनच तुलना करा.

तिसरी गोष्ट उजेडाची. स्वस्त टेलिफोटो झूम पूर्ण लांबीला एफ 5.6 किंवा 6.3 वर येतात (एफचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). थंडीत नदीवर धुकं असतं, ऊन वर यायला वेळ लागतो, आणि पक्षी नेमके तेव्हाच हलतात. उडत्या पक्ष्याला शटर एक हजारांश ते दोन हजारांश सेकंद लागतं, त्यामुळं आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 1600 किंवा 3200 पर्यंत न्यावा लागणार हे आधीच मान्य करा. फोटोत थोडे कण दिसतील. हललेल्या फोटोपेक्षा कण बरे. एफ 2.8 ची 70-200 घेतली तर उजेड चौपट मिळतो, पण ती दीड किलोच्या आसपास भरते, तिची किंमत वेगळ्या पातळीवर जाते आणि पोच 200 वरच थांबते. आपल्या यादीत ती नको.

स्टॅबिलायझर मात्र हवाच. कॅननमध्ये त्याला आयएस म्हणतात, निकॉनमध्ये व्हीआर, टॅमरॉनमध्ये व्हीसी. 250 मिमीवर हाताची बारीकशी थरथरही फोटो फिसकटवते. स्टॅबिलायझर असेल तर स्थिर उभ्या बगळ्याचा फोटो शंभरांश सेकंदालाही हातात धरून मिळतो. पक्ष्याच्या हालचालीवर त्याचा उपयोग नाही, एवढं लक्षात ठेवा. बाजारात सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या दोन लेन्स, कॅननची 75-300 आणि टॅमरॉनची जुनी 70-300 मॅक्रो, या दोन्हींत स्टॅबिलायझर नाही. किटबरोबर मिळाली असेल तर वापरा, पण वेगळे पैसे देऊन घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन.

मग घ्यायची कुठली? कॅननच्या क्रॉप बॉडीला माझी पहिली पसंती 55-250 आयएस एसटीएम. वजन 375 ग्रॅम, दिवसभर गळ्यात असली तरी मान दुखत नाही. फोकस गुपचूप होतो. ती 85 सेंटिमीटरपर्यंत जवळचंही टिपते, त्यामुळं सप्टेंबरात कासला गेलात तर वाटेवरूनच, फुलांत पाय न घालता, फुलं भरून घेता येतात. याच आकड्याच्या आधीच्या दोन आवृत्त्या आहेत, नावात एसटीएम नसलेल्या. त्याही वाईट नाहीत, पण एसटीएमच बघा. निकॉनच्या एएफ-पी चालणाऱ्या क्रॉप बॉडीला एएफ-पी डीएक्स 70-300, आणि नावात व्हीआर आहे ना हे बघूनच, कारण व्हीआर नसलेली तिची जुळी बहीणही विकायला असते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असेल, किंवा पुढं घ्यायचा असेल, तर वापरलेली टॅमरॉन 70-300 व्हीसी शोधा. 765 ग्रॅम, जड आहे, पण भरवशाची. सागरेश्वरच्या हरणांना या तिघींपैकी कुठलीही चालेल. आणि संध्याकाळी जोंधळ्याच्या शेतांवर भोरड्यांचे थवे वळतात तेव्हा तर लांबचं टोक लागतच नाही, 55 चं टोक कामाला येतं.

यातली प्रत्येक लेन्स वापरलेली घेतली तर बरेच पैसे वाचतात, म्हणून तपासणीची तयारी नीट करा. घरून निघताना स्वतःचा कॅमेरा, भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड, एक छोटा प्रखर टॉर्च आणि एक वर्तमानपत्र पिशवीत टाका. व्यवहार दिवसा करा.

पहिल्यांदा टॉर्च. दोन्ही झाकणं काढा, मागच्या काचेतून तिरका उजेड टाका आणि पुढून आत बघा. धुळीचे चार-दोन कण दिसतील, ते सोडून द्या, फोटोत येत नाहीत. काचेच्या कडेकडून आत सरकणारे पांढरे बारीक धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे, दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स परत ठेवा, कितीही स्वस्त असली तरी. सगळ्या काचेवर दुधाळ साय धरल्यासारखी दिसली तरी नको. नंतर पुढची फिल्टरची आट्यांची कड बोटानं फिरवून बघा. चेपलेली असेल तर लेन्स पडलेली आहे. मागच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील तर कुणीतरी ती उघडलेली आहे. झूमची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा, मध्ये कुठं अडते का, करकर वाजते का बघा.

मग वर्तमानपत्र. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला सपाट चिकटवा, समोर सरळ उभं राहा, पूर्ण झूमवर आणि सगळ्यात मोठ्या (म्हणजे एफच्या सगळ्यात लहान आकड्याच्या) अ‍ॅपर्चरला फोटो घ्या. मॉनिटरवर मोठा करून चारही कोपरे वाचा. कोपरे मधल्या भागापेक्षा किंचित मऊ असतात, ते चालेल. पण डावीकडचं अक्षर स्वच्छ आणि उजवीकडचं पुसट असेल, आणि पुन्हा सरळ उभं राहून घेतलेल्या फोटोतही तसंच येत असेल, तर आतली एखादी काच सरकलेली आहे. तोच फोटो एफ 8 ला घ्या, बऱ्यापैकी धारदार झाला पाहिजे. शेवटी शटर साठांश सेकंदावर ठेवा, स्टॅबिलायझर चालू करून दहा आणि बंद करून दहा फोटो काढा. चालूमध्ये सहा-सात स्वच्छ यायला हवेत. दोन्हीकडं सारखेच हललेले आले तर तो बिघडलाय. (निकॉनच्या त्या एएफ-पी लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण नसतं, कॅमेऱ्याच्या मेनूत शोधायचं.) एवढं करायला विकणारा कंटाळला तर नमस्कार करून निघा.

बिल मागा, त्यावर लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि लेन्सवरच्या आकड्याशी तिथंच ताडून बघा.

सगळे पैसे लेन्सवर घालू नका. हूड नसेल तर घ्यायचं, समोरून येणारं तिरकं ऊन तेच अडवतं. स्वस्त यूव्ही फिल्टर मात्र लावू नका, टेलिफोटोला तो धार कमी करतो. आणि डबा. नदीकाठच्या गावात पावसाळ्याचे चार महिने भिंतीसुद्धा ओल धरतात, लाकडी कपाटात किंवा चामडी पाकिटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि ओलावा दाखवणारं छोटं मीटर, एवढं पुरे. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात. गार झाल्यावरच डब्यात टाका. डांबरगोळ्या डब्यात नकोत.

आता पहिली सकाळ. सेटिंग आदल्या रात्रीच लावून ठेवा, अंधारात बटणं शोधण्यात पहिला पक्षी जातो. मळकट रंगाचे कपडे, बसायला पोतं, आणि खिशात धुतलेला जुना सुती रुमाल, कारण पहाटे दव पडतं आणि पुढची काच धुरकटते. पुसायच्या आधी काचेवर फुंकर मारून धूळ उडवा. घरी परत आल्यावर गार लेन्स उबदार खोलीत लगेच उघडू नका, पिशवीतच तासभर राहू द्या, मग डब्यात ठेवा.